गैरहजर बायकांची हजेरी

आमच्या शाळेत वर्षातून एकदा गैरहजर बायकांची हजेरी घेतली जायची. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की आम्ही सगळ्या मुली रांगेने सभागृहात जायचो. सभागृह म्हणजे पत्र्याचं लांबट छप्पर आणि खाली शहाबादी फरशी, पण आम्ही त्याला सभागृहच म्हणायचो आणि कुणी हसलं तर भांडायचो. समोरच्या भिंतीवर दोन काळे फळे होते. उजवीकडचा गुणवंतांचा, त्यावर दरवर्षी मॅट्रिकला शाळेत पहिली आलेल्या मुलीचं नाव. डावीकडचा सेवेचा. चीनच्या लढाईच्या वेळी आमच्या शाळेतून शिकलेल्या दोघीजणी लष्करी दवाखान्यात नर्स म्हणून गेल्या, तेव्हा मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, तो लावून घेतला होता, आणि पुढच्या लढायांत त्यावरची नावं वाढत गेली. नाव, गाव आणि सध्या नेमणूक कुठे, एवढंच लिहायचं. नेमणुका बदलायच्या, म्हणून तो फळा दर जानेवारीत काळा रंगवून पांढऱ्या ऑइलपेंटने नव्याने लिहायचा. ते काम मॅट्रिकच्या वर्गातल्या सगळ्यात वळणदार अक्षराच्या मुलीचं. तीच सव्वीस जानेवारीला स्टुलावर उभी राहून नावं वाचायची, आणि एकेक नाव वाचलं की त्या गावची जी मुलगी शाळेत असेल तिने त्या बाईच्या वतीने मोठ्याने ‘हजर’ म्हणायचं. माळेगावच्या मुलींचा आवाज सगळ्यात चढा असे, कारण माळेगावच्या दोघी फळ्यावर होत्या आणि त्याचा त्यांना साखर कारखान्याच्या चिमणीपेक्षा जास्त अभिमान होता.

आमची शाळा बारामतीत, फक्त मुलींची. गावातली पोरं आम्हाला ‘लोकरवाल्या’ म्हणायची, कारण लढाई आली की आम्ही जवानांसाठी स्वेटर विणायचो. ज्या गावात जानेवारीतसुद्धा दुपारी घाम येतो तिथे चाळीस पोरी मांडीवर लोकर घेऊन बसलेल्या, हे दृश्य हसण्यासारखंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण मोठ्या बाई आम्हाला नुसत्या विणायला बसवत नसत. हात रिकामे नाहीत म्हणून डोकं रिकामं राहायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. एक मुलगी मधोमध उभी राहून भूमितीचं प्रमेय मोठ्याने म्हणायची आणि बाकीच्यांनी विणता विणता तिची चूक पकडायची. टाका सुटला तर चालेल, पायरी सुटायला नको. बांगलादेशच्या लढाईच्या वर्षी मी नववीत होते आणि त्या एका हिवाळ्यात माझी सगळी भूमिती पाठ झाली. पुढे इंदापुरात मी तीस वर्षांहून जास्त गणित शिकवलं. फळ्यावर प्रमेय लिहिताना माझ्या डाव्या हाताची बोटं आपोआप हलायची आणि पोरांना वाटायचं बाईंना कंप सुटलाय. त्यांचा गैरसमज मी कधी दूर केला नाही.

सेवेच्या फळ्यावर तिसरी ओळ रिकामी होती. वर दोन नावं, मग कोरी काळी जागा, मग खाली पुन्हा नावं. वाचणारी मुलगी दुसरं नाव वाचून एक श्वासभर थांबायची आणि मग चौथ्या ओळीवर जायची. का थांबायचं ते कुणाला माहीत नव्हतं. कुणी म्हणायचं ती जागा लढाईत गेलेल्यांसाठी आहे, कुणी म्हणायचं पुढे जी सगळ्यात मोठं नाव काढील तिच्यासाठी. मी आठवीत आले तेव्हापासून ती थांबण्याची पद्धत होती आणि आम्ही सगळ्या त्या वेळी मान खाली घालायचो. मीही घालायचे.

माझं घर इंदापूर तालुक्यातल्या कळसला. मी शाळेच्या बोर्डिंगात राहायचे आणि सणासुदीला एसटीने घरी जायचे. घरात आबा, म्हणजे माझे आजोबा, यांचा शब्द शेवटचा. आबा करारी होते, उसाचे मोठे बागायतदार, तालुक्यात चार लोक उठून उभे राहायचे असे. शाळेच्या सभागृहाचे पत्रे त्यांनीच दिले होते आणि म्हणून ते शाळेच्या कमिटीवरही होते. नातीला एवढं शिकवतात म्हणून लोक त्यांचं कौतुक करायचे आणि ते कौतुक त्यांना आवडायचं. माझे वडील, त्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, त्यांच्यासमोर खालच्या आवाजात बोलत. आई तर बोलतच नसे. ती फक्त भांडी वाजवायची, आणि कोणतं भांडं किती जोरात वाजलं त्यावरून तिचं मत काय ते आम्हाला कळायचं.

आमच्या घरी पितृपक्षातली नवमी मोठी असायची. अहेव गेलेल्या बाईची नवमी. अप्पांची धाकटी बहीण चंद्रा, माझी आत्या, मी लहान असताना पुण्याच्या दवाखान्यात तापाने गेली असं मला सांगितलेलं होतं. तिला निरवांगीला दिलेली होती. दर नवमीला एक सवाष्ण जेवायला बोलवायची, खीर, वडे, अळूची भाजी, गवारीची भाजी, आणि आत्याच्या नावाचं एक पान वेगळं वाढायचं. ते पान आई परसात घेऊन जायची. आबा ओसरीवर बसून राहायचे आणि ‘शिवला का कावळा?’ असं विचारायचे. आई आतूनच ‘शिवला’ म्हणायची. मला त्या न आठवणाऱ्या आत्याबद्दल फार वाटायचं. तिच्या नावाची खीर मी दोनदा मागून घ्यायचे, हे आज लिहिताना लाज वाटते आणि हसूही येतं.

मॅट्रिकच्या वर्षी फळा लिहायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर चांगलं होतं, पण माळेगावच्या एका मुलीचं माझ्याहून चांगलं होतं, आणि हे मोठ्या बाईंना दिसत नव्हतं असं मुळीच नाही. तेव्हा मी खुशीत होते, मला शंका आली नाही. आज मला वाटतं की बाई माझी वाट बघत होत्या. त्यांनी मला नावांची यादी दिली. तिच्यातही तिसऱ्या क्रमांकापुढे काही नव्हतं. मी विचारलं की बाई, ही ओळ कुणाची? बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “तुझ्या घरचं आहे. घरी विचार.”

संक्रांतीला मी घरी गेले. भोगीचा दिवस होता. चुलीवर मिसळीची भाजी रटरटत होती, आई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापत होती, आणि रस्त्याने उसाच्या बैलगाड्या घुंगरं वाजवत कारखान्याकडे चालल्या होत्या. मी तिच्याजवळ बसून फळ्याचं सांगितलं. थापता थापता तिचा हात थांबला. दारातून ओसरीकडे एकदा बघून घेतलं आणि मग तिने सांगितलं ते असं. चंद्राआत्याच्या नवऱ्याने वर्षभरात दुसरी बायको आणली आणि हिला गोठ्यात झोपायला लावलं. ती दोनदा कळसला पळून आली आणि दोन्ही वेळा आबांनी स्वतः गाडी जुंपून तिला निरवांगीला नेऊन सोडली. तिसऱ्यांदा ती कळसला आलीच नाही. चालत बारामतीला गेली, मोठ्या बाईंच्या दारात बसली. बाईंनी तिला ठेवून घेतलं, मॅट्रिक केलं, पुण्याला नर्सिंगला धाडलं, आणि तिथून ती लष्करात गेली. लढाईच्या जखमींची तिने सेवा केली. इकडे निरवांगीची माणसं विचारायला आली तेव्हा आबांनी सांगितलं की पोरगी तापाने मेली. नुसतं सांगितलं नाही, तिचं तेरावं घातलं. दोन्ही गावं बुंदी जेवून गेली.

“मंग त्या नवमीचं पान?” मी विचारलं.

“जित्या माणसाचा घास कावळ्याला कसा घालू?” आई म्हणाली. “त्यो म्या दरसाल गाईला घालती.”

पुढे बाईंनी आत्याचं नाव फळ्यावर लिहिलं आणि आबा कमिटीच्या मीटिंगला गेले असताना त्यांनी ते बघितलं. त्याच दिवशी पुसून घेतलं. मेलेली बाई फळ्यावर नोकरी कशी करील?

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी कधी कुणाचा इतका राग केला नव्हता, आणि ज्याचा केला त्याच्याच जिवावर मी शिकत होते, हे कळत असल्यामुळे राग आणखी वाढला. आई नको नको म्हणत असताना मी ओसरीवर गेले आणि आबांना सांगितलं की यंदा फळा मी लिहिणार आहे. आबा सुपारी कातरत होते. ते ओरडले नाहीत. त्यांना ओरडायची सवयच नव्हती, त्याची गरज पडत नसे. “चांगलं हाय,” ते म्हणाले. “तिसरी वळ सोडून लिही. तितं एक अक्षर जरी दिसलं तरी त्याच दिशी तुजी शाळा बंद. मॅट्रिकबी न्हाय आन काय न्हाय.” आणि त्यांनी मला सुपारीचं खांड दिलं. लहानपणापासून देत तसं.

बारामतीला परत आल्यावर मी बाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाले की तुम्ही पुसलंतच कसं? सोळा वर्षांच्या मुलीने मुख्याध्यापिकेशी असं बोलू नये, पण मी बोलले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “त्यांनी पुसायला सांगितलं, मी पुसलं. पत्रे त्यांचे होते आणि खाली दोनशे मुली बसत होत्या. पण खालची नावं वर सरकवा असं त्यांनी सांगितलं नव्हतं. ते मी केलं नाही.” मग टेबलावरचे कागद उगाच सारखे करत त्या म्हणाल्या की मी तुला लिही म्हणणार नाही, तुझी मॅट्रिक आहे. मी दारापर्यंत गेले तेव्हा मागून आवाज आला. “सध्या अंबाल्याला आहे ती.”

त्या दहा दिवसांत मी फार धीराची होते असं कुणी समजू नये. मला मॅट्रिक हवी होती. गुणवंतांच्या फळ्यावर माझं नाव यावं म्हणून मी चार वर्षं घासली होती आणि ते येणार हे सगळ्या शाळेला माहीत होतं. एका ओळीसाठी ते घालवायचं? आत्या अंबाल्याला खुशाल होती, मला तर तिचा चेहराही आठवत नव्हता. मी पहिल्या दोन ओळी लिहिल्या, तिसरी सोडली, खाली सगळी नावं लिहून काढली. रॉकेल घेऊन ब्रश धुवायला नेला. तिथे नळावर उभी राहून मनात आलं की पहिली आले तर माझं नाव त्या भिंतीवर लागणार, आणि शेजारच्या फळ्यावर माझ्या आत्याच्या जागी भोक असणार, आणि मी दरवर्षी मान खाली घालणाऱ्या मुलींकडे बघत राहणार. न धुताच ब्रश घेऊन मी परत आले आणि लिहिलं: चंद्रा, कळस, लष्करी रुग्णालय, अंबाला. पेंट पातळ झाला होता, एक ओघळ खाली आला. तो मी पुसला नाही.

बाईंनी त्यावर पडदा सोडून ठेवला. सव्वीस जानेवारीला सभागृह भरलं होतं. बोर्डिंगातल्या मुलींचे वडील आले होते, कमिटी पुढच्या खुर्च्यांवर होती, मधोमध पांढऱ्या फेट्यात आबा. पडदा सरकला तेव्हा आबांनी फळ्याकडे बघितलंच नाही, त्यांना मी ऐकणार याची इतकी खात्री होती. मी स्टुलावर चढले. पहिलं नाव, हजर. दुसरं नाव, माळेगावचं, हजर. सवयीने सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. मी वाचलं, “चंद्रा, कळस.”

कुणी हजर म्हणालं नाही. कोण म्हणणार? सगळ्या शाळेत कळसची मुलगी एकटी मीच होते, आणि मी तर वाचत होते. हा विचार मी आधी केलाच नव्हता. मुलींच्या माना एकेक करून वर आल्या. मी स्टुलावरून उतरले, मुलींच्या रांगेत जाऊन माझ्या नेहमीच्या जागी उभी राहिले आणि जेवढा आवाज होता तेवढा काढून म्हणाले, “हजर.” मग परत येऊन स्टुलावर चढले आणि चौथं नाव वाचलं. शेवटच्या नावापर्यंत माझा आवाज नीट लागला, याचा मला आजही अभिमान आहे.

कार्यक्रम संपल्यावर निरवांगीचे एक गृहस्थ, आठवीतल्या मुलीचे वडील, आबांजवळ आले. त्यांचा हेतू वाईट नव्हता, ते खरोखरच गोंधळले होते. “आबा, ही तुमची चंद्रा का वो?” त्यांनी विचारलं. “तिच्या तेराव्याला आमी जेवलो हुतो की.” आबांनी बाईंकडे वळून ती ओळ पुसायला सांगितली. बाई म्हणाल्या की मागच्या वेळी मी लिहिलं होतं, मी पुसलं. आता तुमच्या नातीने लिहिलंय, तिच्याकडून पुसून घ्या. आबांनी माझ्याकडे बघितलं. मी हात पाठीमागे घेतले. त्यांनी मला ट्रंक भरायला सांगितली आणि दुपारच्या गाडीने मी कळसला परतले, ती शाळा सुटलेली मुलगी म्हणून.

पुढचे सहा आठवडे मी खुरपणीला गेले. पुस्तकं ट्रंकेत आणि ट्रंकेची किल्ली आबांच्या कनवटीला. माझं काही अडलं नाही, भूमिती बोटांत होती. पातीला बसलेल्या बायका मला म्हणायच्या, पोरी, वटावटा काय करतीस? मी प्रमेयं म्हणत होते. आई दुपारी भाकरी घेऊन यायची आणि तिने भाकरीच्या फडक्यात इतिहासाच्या पुस्तकाची पानं गुंडाळून आणायला सुरुवात केली. ती तिने कुठून मिळवली हे मी विचारलं नाही.

परीक्षेच्या आदल्या सकाळी मोठ्या बाई एसटीने आल्या. स्टँडपासून चालत, डोक्यावर पदर, हातात माझं हॉल तिकीट. ओसरीवर आबा, अप्पा, दोन शेजारी. बाईंनी बसायला नकार दिला. म्हणाल्या, मुलीचा फॉर्म भरलेला आहे, मी तिला न्यायला आलेय. आबा म्हणाले न्हाय. मी आत जाऊन धुतलेली साडी नेसले, पायात चपला घातल्या आणि बाहेर येऊन बाईंच्या शेजारी उभी राहिले.

“उंबरा वलांडलास तर तुजंबी तेरावं घालीन,” आबा म्हणाले.

“घाला की,” मी म्हणाले. “जेवायला म्या सोता येईन.”

आतून आईने तांब्या आपटला. इतक्या जोरात तिने कधी काही आपटलं नव्हतं. अप्पा उठले. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या वडिलांना न विचारता उठले, उपरणं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले की मी ह्यांना स्टँडपातूर सोडून येतो. ते स्टँडवर थांबले नाहीत, बारामतीपर्यंत आले आणि परीक्षा संपेपर्यंत शाळेच्या बाहेर निंबाखाली बसून राहिले.

तेरावं काही आबांनी घातलं नाही. बोलणं मात्र टाकलं. मी परत घरी आले, पाणी भरलं, भाकरी वाढल्या, आणि आबा मी नसल्यासारखे वागले. एकाच घरात राहून मेलेलं असणं कसं असतं ते मला त्या तीन महिन्यांत कळलं, आणि आत्याचा मी घेतलेला कैवार तेव्हा कुठे खरा झाला.

निकाल लागला. मी शाळेत पहिली आले होते, नुसती पहिली नाही, गणितात आमच्या शाळेत त्याआधी कुणालाच पडले नव्हते एवढे गुण मला पडले होते. बातमी इंदापुरातून आली आणि दुपारपर्यंत ओसरी भरली. लोक आबांना हार घालत होते. आबांनी नात शिकवली, आबांनी नाव काढलं. शेजारच्या तात्यांनी पेढ्यांचा पुडा आबांपुढे धरला. मी पाणी घेऊन दारात उभी होते. आबांनी पेढा उचलला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं असेल की एवढ्यावर मिटलं.

“आबा, पेढा खाताय तर दोघींचा खावा,” मी म्हणाले. “माझा एकटीचा नगं.”

कुणी कुणाकडे बघेना. म्हाताऱ्या माणसाला भर लोकांत असं बोलायला नको होतं, असं लोक मला सांगतात. मला तसं वाटत नाही. तेरावंही भर लोकांतच घातलं होतं. आबांनी पेढा तोंडात घातला नाही, पुड्यातही परत ठेवला नाही. बराच वेळ तो हातात धरून बसले. मग कुणालाच उद्देशून न बोलल्यासारखं त्यांनी विचारलं, “कुठं असती ती?”

चौदा वर्षांत त्यांनी पहिल्यांदा विचारलं होतं. मला उत्तर माहीत होतं. ते मीच माझ्या हाताने लिहिलं होतं.

“फळ्यावर लिव्हलंय,” मी म्हणाले. “जाऊन वाचा.”

आबा उठले. हातातला पेढा धोतराला चिकटत होता तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. अप्पांना म्हणाले, “बारामतीची सकाळची गाडी कितीला हाय रं?” मला वेळ तोंडपाठ होती. मी सांगितली नाही. अप्पांनी सांगितली.